खरं सांगितलं तर नोकरी जाईल का?

2023 चा जून महिना दिल्ली परिसरात राहणाऱ्यांना आठवत असेल. 12 जूनपासून हरियाणाचं नवं अबकारी धोरण लागू झालं. गुरुग्रामसारख्या शहरातल्या मोठ्या ऑफिसांना आपल्या आवारात बिअर, वाइन अशी कमी अल्कोहोलची पेयं ठेवण्याचा परवाना मिळण्याची सोय झाली. मुख्य अट अशी, की किमान 5,000 कर्मचारी आणि किमान 1 लाख चौरस फूट जागा हवी. त्याच महिन्याच्या 30 तारखेला दिल्ली मेट्रोनं जाहीर केलं, की प्रवाशाला दारूच्या दोन सीलबंद बाटल्या सोबत नेता येतील. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर विनोद चालू होते. ‘आता ऑफिसला नवऱ्याला डबा देऊ की चकणा?’ असं एकीनं विचारलं आणि सगळ्या हसल्या.

माझ्या टेबलावर त्याच दिवसांत हाच विषय होता, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी मूळची पुण्याची. लग्नानंतर इकडे आले आणि गेली अनेक वर्षं नोएडात एका मध्यम आकाराच्या कंपनीत मनुष्यबळ विभाग सांभाळते. ऑफिस नोएडात, गोदाम गुरुग्रामच्या पुढे फर्रुखनगरच्या बाजूला आणि विक्रीची माणसं दिल्लीभर फिरणारी. वरून आदेश आला होता, की दारू आणि नशेच्या पदार्थांबाबत कंपनीचं लेखी धोरण तयार करा.

तुम्ही म्हणाल, यात आमचा काय संबंध? पण तुमच्या घरातलं कुणी ना कुणी रोज कामावर जातंच. कुणाचा मुलगा कॅब चालवतो, कुणाचा नवरा कारखान्यात यंत्रावर उभा असतो, कुणाची सून रात्रपाळीला कॉल सेंटरमध्ये असते. व्यसनाची पहिली चाहूल लागते ती घराला, आणि नोकरी जाते तेव्हा पहिली झळ बसते तीही घरालाच. म्हणून कंपनीच्या कपाटातला हा कागद घरातल्यांनीही समजून घ्यायला हवा.

एका ओळीचा नियम

वरिष्ठांच्या मते काम पाच मिनिटांचं होतं. ‘पिऊन आला तर नोकरी गेली, असं लिहा आणि नोटीस बोर्डवर लावा.’ त्यांची काळजी खोटी नव्हती. गोदामात फोर्कलिफ्ट चालते. तीन-तीन मजली रॅकवर माल चढतो. चालवणाऱ्याचा हात क्षणभर जरी चुकला, तरी खाली उभ्या असलेल्या लोडरचा जीव जाऊ शकतो. त्या महिन्यात गेटवरच्या गार्डला दोनदा सकाळच्या शिफ्टमध्ये वास आला होता.

पण मी हजेरीचं रजिस्टर घेऊन बसले तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. पगार झाला की दुसऱ्या दिवशी ठरावीक माणसं गैरहजर. सोमवारी ‘पोट बिघडलं’ म्हणून फोन करणारेही तेच. कुणी तरी दुसऱ्याच्या नावानं हजेरी लावत होतं, कुणी सहकाऱ्याला मागच्या खोलीत झोपवून त्याचं काम उरकत होतं. म्हणजे गोदामातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ऑफिसला माहीत नव्हतं. नोकरी जाईल या भीतीनं माणूस पिणं थांबवत नाही, लपवायला मात्र शिकतो. आणि फोर्कलिफ्टवर बसलेला, लपवणारा माणूस हा उघडपणे आजारी असलेल्या माणसापेक्षा जास्त धोक्याचा असतो.

ठेकेदारामार्फत आलेल्या मजुरांचं तर विचारूच नका. त्यांना ना नोटीस, ना चौकशी. ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढं सांगितलं की संपलं. तो माणूस पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गोदामात, दुसऱ्या यंत्रावर. धोका तसाच राहिला, फक्त पत्ता बदलला.

गेटवर आलेली बाई

याच दिवसांत एका दुपारी मी गोदामात होते. गार्ड म्हणाला, ‘मॅडम, बाहेर एक बाई केव्हाच्या उभ्या आहेत, आत यायला तयार नाहीत.’ मी बाहेर गेले. तिशीतली बाई, सोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी. तिचा नवरा आमच्याकडे सात वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होता. कामाला वाघ, अबोल.

ती हळू आवाजात म्हणाली, ‘मॅडमजी, एक विचारायचं होतं. मी तुम्हाला घरातलं खरं सांगितलं, तर यांची नोकरी तर जाणार नाही ना?’

विचार करा, या प्रश्नाला तुमच्या नवऱ्याच्या, मुलाच्या कंपनीत काय उत्तर मिळेल? आमच्याकडे तोवर लेखी उत्तरच नव्हतं. आणि वरिष्ठांची ती एक ओळ बोर्डवर लागली असती, तर उत्तर ‘हो, जाईल’ असंच झालं असतं. मग ती बाई मुलीचा हात धरून गुपचूप परत गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस पुन्हा यंत्रावर बसला असता.

मी तिला आत नेलं, पाणी दिलं. धोरण तयार व्हायचं होतं, त्यामुळे मोठं वचन देता येत नव्हतं. ‘आज तुम्ही जे बोलाल, ते त्यांच्या विरोधात वापरलं जाणार नाही,’ एवढंच सांगितलं आणि तसं वरिष्ठांकडून लिहूनही घेतलं. धोरणाचा पहिला परिच्छेद त्या दिवशी ठरला.

तीन गोष्टींची गल्लत नको

धोरण लिहिताना मला सगळ्यात जास्त मदत झाली ती तीन गोष्टी वेगळ्या केल्यामुळे. तुमच्याही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, कामावर नशेत असणं. हा शिस्तीचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न आहे. इथे सूट नाही. त्या दिवशी त्या माणसाला यंत्रावर बसू द्यायचं नाही, सुरक्षितपणे घरी पोचवायचं. त्याला स्वतःची मोटरसायकल चालवत जाऊ द्यायचं नाही, हेही आम्ही लिहिलं. रस्त्यावर कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे, आणि ती ओलांडली तर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरी गोष्ट, व्यसन. हा आजार आहे. हे माझं मत नाही, कायद्यातच तसं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1995 मध्ये कामाच्या जागेवरच्या दारू आणि ड्रग्जच्या प्रश्नांसाठी एक आचारसंहिता तयार केली. तिचंही म्हणणं हेच, की या समस्येकडे इतर कोणत्याही आजारासारखं पाहावं, आणि धोरण मालक आणि कामगार यांनी मिळून बनवावं.

तिसरी गोष्ट, सुटीच्या दिवशी, आपल्या घरी, कुणालाही त्रास न देता घेतलेला पेला. त्याचा परिणाम कामावर येत नसेल, तर त्यात कंपनीनं नाक खुपसू नये. ज्याला सकाळी यंत्र किंवा गाडी चालवायची आहे, त्याची गोष्ट मात्र वेगळी. रात्री उशिरा घेतलेली दारू सकाळी रक्तात शिल्लक असू शकते. आंघोळ, लिंबूपाणी, कडक चहा यांनी ती लवकर उतरत नाही. यकृत आपल्या गतीनंच काम करतं.

या तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या, की धोरण एक तर क्रूर होतं, नाही तर निव्वळ कागदावर राहतं.

विमानवाल्यांचा नियम

‘आजार म्हटलं की शिस्त गेली,’ असा आक्षेप बैठकीत आला. तेव्हा मी दिल्लीतूनच चालणाऱ्या एका कारभाराचं उदाहरण दिलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. त्यांच्याइतका कडक नियम आपल्या देशात क्वचितच कुणाचा असेल. उड्डाणाआधी 12 तास वैमानिकानं दारू घ्यायची नाही. श्वासाच्या चाचणीत पहिल्यांदा सापडला तर तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा सापडला तर तीन वर्षं.

पण याच डीजीसीएनं 31 जानेवारी 2022 पासून गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ वगैरेंसाठी वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अचानक तपासणी सुरू केली, तेव्हा काय ठरवलं? पहिल्यांदा दोषी आढळलेल्याला व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी पाठवायचं. बरा होऊन, पुन्हा चाचणी देऊन, तंदुरुस्त ठरला तर कामावर घ्यायचं. दुसऱ्यांदा सापडला तर परवाना तीन वर्षं निलंबित, तिसऱ्यांदा रद्दच.

शेकडो प्रवाशांचा जीव ज्यांच्या हातात, त्यांनाही उपचाराची एक संधी मिळते. मग आमच्या लोडरला, ड्रायव्हरला का नको? या प्रश्नावर बैठकीत कुणी काही बोललं नाही, आणि संधीचं कलम मंजूर झालं.

चाचणी करायची, पण कशी?

हा भाग मला सगळ्यात जपून लिहावा लागला. गार्डला वास आला म्हणून सगळ्यांसमोर एखाद्याच्या तोंडात नळी धरायची, असं चालणार नाही. आम्ही ठरवलं ते असं: बंद खोली, दोन जबाबदार माणसं हजर, एकदा जास्त आकडा आला तर चूळ भरून थोड्या वेळानं पुन्हा चाचणी, आणि दोन्ही नोंदी त्या माणसाला दाखवून त्याची सही. सही करायची नसेल, तर तेही लिहायचं, जबरदस्ती नाही.

लघवीच्या चाचणीत आणखी गुंता असतो. गांजाचे अंश शरीरात बरेच दिवस, नेहमी घेणाऱ्याच्या तर कित्येक आठवडे राहतात. म्हणजे चाचणीत सापडलेला माणूस त्या वेळी नशेत होता, असं सिद्ध होत नाही. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, त्यामुळे साधा आजारी माणूसही अफूजन्य पदार्थांच्या चाचणीत सापडू शकतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी तर नशा नाही, पण झोप येते. म्हणून आम्ही एक ओळ घातली: गुंगी आणणारं औषध चालू असेल तर सुपरवायझरला सांगा. आजाराचं नाव सांगायची गरज नाही, तेवढे दिवस यंत्रावर बसू नका, पगार कापला जाणार नाही.

दिल्ली परिसराची आणखी एक गंमत आहे. आमची माणसं एका दिवसात तीन राज्यांचे नियम ओलांडतात. आम्ही धोरण लिहिलं तेव्हा दारू पिण्याचं कायदेशीर वय दिल्लीत 25 होतं आणि हरियाणात 21. उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं आहेत, आणि होळीच्या आसपास ‘भांग तर प्रसाद असतो, मॅडम’ असं हमखास ऐकू येतं. भांग ही गांजाच्या रोपाची पानं. देशाच्या अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत ती बसत नाही, हे खरं. पण डोकं गरगरायला कायद्याची व्याख्या लागत नाही. म्हणून आमच्या धोरणात वाक्य आलं: ‘पदार्थ कायदेशीर आहे की नाही, हा प्रश्न नाही. काम करताना शुद्ध पूर्ण हवी.’ बाकी गांजा, चरस, स्मॅक कंपनीच्या आवारात आणणं हा सरळ गुन्हा आहे, तिथे पोलिसांचं काम पोलीस करतील.

साहेबांची पार्टीसुद्धा

धोरणाचा मसुदा गोदामातल्या लोकांना वाचून दाखवला, तेव्हा मागून एक वयस्क लोडर म्हणाला, ‘दीदी, हे साहेबांनाही लागू आहे ना?’ हशा पिकला, पण प्रश्न खरा होता.

दिल्लीकडे दिवाळीला डीलरला काजूकतलीबरोबर व्हिस्कीची बाटली देण्याची पद्धत आहे. टार्गेट पूर्ण झालं की हॉटेलात पार्टी, आणि जो पीत नाही त्याला ‘अरे, तू टीमचा माणूस नाहीस का?’ असा आग्रह. नव्यानं लागलेली पोरं याच पार्ट्यांत पहिला पेला उचलतात. खाली ‘पिऊ नका’ आणि वर ‘प्यायलाच हवं’, असं एकाच कंपनीत कसं चालेल?

म्हणून ठरलं: कंपनीच्या पैशानं दारूची भेट नाही. पार्टीत दारू असेल तर आग्रह नाही, जेवण आधी, बार वेळेत बंद आणि घरी सोडायला गाडी. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामानिमित्त गेलेली जागा आणि कंपनीनं दिलेलं वाहनही कामाच्या जागेत मोडतं, याची आठवणही धोरणात करून दिली. ‘पार्टीत होतं ते पार्टीतच सोडायचं’ ही सबब आता चालत नाही.

पाळ्यांचाही विचार करावा लागला. सलग बारा तास उभं राहून ओझी उचलणारा माणूस पाठदुखीवर दारूचं औषध शोधतो. आम्ही सलग डबल शिफ्ट बंद केली. धोरणातलं हे सगळ्यात महाग कलम होतं, आणि ते मिळवायला मला सगळ्यात जास्त भांडावं लागलं.

मदत म्हणजे नेमकं काय?

‘कंपनी मदत करेल’ हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण मदत कुठे मिळते, हेच आपल्याला माहीत नसतं. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्रानं केलेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि सुमारे 5.7 कोटी लोकांना दारूमुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. हे केंद्र आपल्याच परिसरात, गाझियाबादला आहे. नोएडापासून फार लांबही नाही, पण आमच्या गोदामात ते कुणालाच माहीत नव्हतं.

पुण्यात वाढल्यामुळे मला ‘मुक्तांगण’ हे नाव लहानपणापासून ठाऊक होतं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीनं 29 ऑगस्ट 1986 रोजी ते सुरू केलं. व्यसनी माणूस वाईट नसतो, तो आजारी असतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरालाही आधार लागतो, ही गोष्ट मराठी घरांपर्यंत पोचवण्यात मुक्तांगणचा वाटा मोठा आहे. आमच्या धोरणात कुटुंबासाठी वेगळं कलम आलं, ते या संस्कारातून. घरातल्या माणसाला थेट आमच्या विभागाशी बोलता येईल आणि ते बोलणं गुप्त राहील, असं ते कलम आहे.

एक गोष्ट कृपया लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं ‘उद्यापासून बंद’ म्हणून एकदम दारू सोडली, तर हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असे त्रास होऊ शकतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. शपथा घालून, खोलीत कोंडून दारू सोडवू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायला लावा. म्हणूनच धोरणात उपचारांसाठी रजा ठेवली, आणि परत आल्यावर काही महिने कमी जोखमीचं काम, त्याच पगारावर. उपचारानंतर पुन्हा घसरणं हेही या आजारात नेहमीचं आहे. त्यासाठीही एक जागा ठेवली. पण अमर्याद नाही. उपचार अर्धवट सोडून कामावर नशेत येणाऱ्याला तिसरी संधी नाही.

पुढे काय झालं?

त्या बाईचा नवरा गाझियाबादच्या केंद्रात गेला. सुरुवातीला तिच्या आग्रहानं, नंतर स्वतःहून. तीन महिने तो फोर्कलिफ्टऐवजी माल मोजण्याच्या कामावर होता. ‘मला बायकांच्या कामावर बसवलं’ म्हणून रुसलाही. मधे एका लग्नात पुन्हा प्यायला. दुसऱ्या दिवशी कामावर न येता त्यानं स्वतः फोन केला, ‘मॅडम, काल घसरलो. आज यंत्रावर बसण्यासारखा नाही.’ माझ्या दृष्टीनं आमचं धोरण त्या फोनच्या दिवशी खऱ्या अर्थानं लागू झालं.

सगळेच असे नव्हते. एक चांगला ड्रायव्हर मदत नाकारून निघून गेला. एकाला दुसऱ्या संधीनंतर काढावं लागलं. त्या पत्रावर सही करताना मला वाईट वाटलं, पण त्याच्या गाडीत रोज रात्री आमच्या मुली घरी जात होत्या.

तुम्ही काय विचाराल?

तुमच्या घरातला कमावता माणूस जिथे काम करतो, तिथे असं धोरण आहे का, हे एकदा विचारा. असेल तर चार गोष्टी पाहा. स्वतःहून सांगणाऱ्याची नोकरी सुरक्षित आहे का? सांगितलेलं गुप्त राहील का? नियम साहेबांपासून ठेकेदाराच्या मजुरापर्यंत सगळ्यांना एकच आहे का? आणि मदतीचा पत्ता, फोन नंबर लिहिलेला आहे का?

आणखी एक, घरात हे जरूर सांगा: कामावर नशेत असल्यामुळेच अपघात झाला असं ठरलं, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांची भरपाई मालक नाकारू शकतो. 1923 च्या भरपाई कायद्यापासून ही तरतूद चालत आली आहे. तुटलेल्या हातासह माणूस घरी बसतो आणि भरपाईही मिळत नाही.

धोरण नसेल, तरी थांबू नका. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416. फोन व्यसनी माणसानंच करायला हवा असं नाही, बायको, आई, बहीण, मुलगा कुणीही करू शकतं. आणि तुम्ही स्वतः एखाद्या दुकानाचे, कारखान्याचे मालक असाल, चार माणसं तुमच्या हाताखाली असतील, तर हे सगळं एका पानावर त्यांच्या भाषेत लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. वकिली भाषा नसली तरी चालेल. फक्त त्या पानावर ‘खरं सांगितलंत तर नोकरी जाणार नाही’ हे वाक्य असू द्या, आणि ते पाळा.